इंटरनेटची वही घरात हवी

वसई-विरारमध्ये कुणाच्या घरी इंटरनेट बंद पडलं की घरातले एकच करतात. ज्या मुलाने कनेक्शन जोडलं होतं, त्याला फोन लावतात. त्याने उचलला तर ठीक. नाही उचलला तर मुलांचा अभ्यास, सुनेची घरून चालणारी नोकरी, आजोबांचं बँकेचं काम, सगळं त्याच्या सवडीवर. लाइन कोणत्या कंपनीची, युजरनेम काय, पासवर्ड कुणी ठेवला, वायर इमारतीत कुठून शिरते, यातलं काहीही घरात कुणाला सांगता येत नाही. चांगल्या शिकल्यासवरलेल्या घरांतही नाही. मला हे बरोबर वाटत नाही. याच गावांत मी अशी घरं पाहिली आहेत, जिथे शाळेत फारसं न गेलेल्या बायकांना आपल्या घरचं इंटरनेट कसं जोडलंय हे नीट माहीत होतं.

इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून, डायल-अपने यायचं, तेव्हा मी पापडीला घरातच कॉम्प्युटरचे वर्ग घ्यायचे आणि आजूबाजूच्या गावांत जाऊन लोकांच्या घरी इंटरनेट जोडून द्यायचे. गास, भुईगाव, निर्मळ, आगाशी. इथली कितीतरी मुलं आखातात नोकरीला होती. परदेशचा फोन महाग, पत्राला दिवस लागत. ई-मेलचं कानावर आलं की घरचे लोक लॅमिंग्टन रोडवरून एखादा वापरलेला पेंटियम घेत, विरार लोकलच्या लगेजच्या डब्यातून सांभाळून आणत आणि मला निरोप धाडत.

आपल्या देशात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागलं १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून आणि तेही मुंबईसारख्या मोजक्या शहरांत. वसईचा माणूस रोज चर्चगेटला जाऊन येत असला तरी टेलिफोनच्या नकाशावर तो मुंबईचा नव्हता. खाडीच्या पलीकडे भाईंदरपर्यंत महानगर टेलिफोन निगम आणि ०२२. खाडी ओलांडून नायगावला आलं की दूरसंचार खात्याचा कल्याण विभाग आणि ०२५०. मुंबईच्या नंबरला मोडेम लावायचा तर एसटीडी पडणार. म्हणून ज्यांनी अगदी सुरुवातीला हे धाडस केलं, ते रात्री उशिरा दर उतरल्यावरच बसत. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना ही सेवा देण्याची मुभा मिळाली. पुढे १७२ ने सुरू होणारे सहा आकडी नंबर आले, स्थानिक कॉलमध्ये काम भागू लागलं आणि मग आमच्या गावांतून मोडेम वाजू लागले.

ती जोडणी घरच्यांना समजायची, कारण तिचा प्रत्येक टप्पा त्यांच्या डोळ्यांसमोर होत असे. बाहेरचा मोडेम असेल तर त्याची जाड केबल कॉम्प्युटरमागच्या सिरियल पोर्टला लावायची. जुन्या मशिनला असे बहुधा दोनच पोर्ट आणि त्यातल्या एकावर माउस आधीच बसलेला. आतला मोडेम असेल तर कॅबिनेट उघडून कार्ड बसवायचं आणि ते माउसच्या पोर्टवर हक्क सांगू नये म्हणून त्यावरचा जंपर सरकवायचा. मोडेमला फोनच्या तारेसाठी दोन खाचा. भिंतीवरच्या रोझेटमधून आलेली तार एकीत, घरातला टेलिफोन दुसरीत. मग विंडोज ९८ मध्ये डायल-अप ॲडॅप्टर आणि टीसीपी/आयपी आहे का पाहायचं, नवं कनेक्शन तयार करायचं, नंबर भरायचा आणि एरिया कोडसमोरची खूण काढायची. ती राहिली तर कॉम्प्युटर उगाच ०२५० धरून डायल करत बसे.

एवढं करूनही पहिल्या खेपेला पडद्यावर हमखास यायचं: डायल टोन नाही. रिसीव्हर कानाला लावला तर टोन स्वच्छ ऐकू येतोय! अडचण अशी की बरेचसे मोडेम अमेरिकेतल्या टोनची अपेक्षा धरून बनवलेले, आपल्या एक्स्चेंजचा टोन त्यांना ओळखूच येत नसे. उपाय एका खुणेचा होता. ‘डायल टोनची वाट पाहा’ या ओळीसमोरची खूण काढली की मोडेम गुमान नंबर फिरवू लागे. ही खूण मी स्वतः कधी काढली नाही. घरातल्या कुणाच्या तरी हाती माउस देऊन ती काढायला लावली.

मग तो आवाज. कर्कश म्हणून लोक त्याची आठवण काढतात, पण त्यात माहिती होती. टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी टाकलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा तिच्यातून जातो. कॉम्प्युटरचे आकडे त्या पट्ट्यात बसतील अशा सुरांत बदलायचे आणि समोरच्याने त्या सुरांचे पुन्हा आकडे करायचे, एवढंच मोडेमचं काम. सुरुवातीच्या किंकाळ्यांत दोन्ही बाजू तार तपासत असतात: कुठला सूर नीट पोचतो, कुठला विरतो, किती वेग झेपेल. १९९८ च्या व्ही.९० पद्धतीचा मोडेम सेकंदाला ५६ हजार बिट घेऊ शकेल असं खोक्यावर लिहिलेलं असे. एक्स्चेंजमध्ये एका बोलण्याला मुळात ६४ हजारांचीच वाट असते, तेव्हा याच्या फार पुढे जाणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे समुद्राची खारी हवा. खांबावरच्या जोडात तांबं हिरवं पडायचं, पावसात जोडात पाणी जायचं, लाइनवर खरखर सुरू व्हायची आणि ५६ चे २८ व्हायचे. मोडेमचा सूर निम्म्यातच तुटला की समजावं, दोष तारेत आहे. लाइनमनला तसं सांगितलं की तो नेमका जोड उघडून बघायचा.

गासच्या एका मावशींचा मुलगा मस्कतला होता. त्यांना मी एका वहीत मराठीत सगळं लिहून दिलं होतं: डायल करायचा नंबर, युजरनेम, पासवर्ड, किती तासांचं खातं आहे आणि त्यातले किती वापरले. खाली चार आकडे. ६८० आला तर आपल्या घरातली तार बघायची. ६७६ म्हणजे समोरची लाइन व्यस्त, थोड्या वेळाने पुन्हा लावायचं. ६७८ म्हणजे पलीकडून उत्तरच नाही. ६९१ म्हणजे तार ठीक आहे, पण युजरनेम-पासवर्ड चुकलाय किंवा तास संपलेत. मावशींना इंग्रजी वाचता येत नव्हतं, आकडे येत होते. त्या मला फोन करायच्या तेव्हा ‘बंद पडलंय’ असं कधी म्हणाल्या नाहीत. म्हणायच्या, “टीचर, आज सहाशे एक्क्याण्णव देतोय. तास संपले असतील, मी भावाला पैसे भरायला पाठवू का?” दोष घरात आहे, खांबावर आहे, एक्स्चेंजमध्ये आहे की कंपनीच्या दारात, हे त्यांना माझ्याआधी कळलेलं असे.

३० सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेतल्या एओएल कंपनीने आपली डायल-अप सेवा बंद केली. ते तंत्र गेलं याचं मला दुःख नाही. एक एमबीची फाइल उतरायला चार-पाच मिनिटं लागायची, तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला, आणि पल्स मोजून येणारं बिल. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं तेव्हा २५६ केबीपीएस हा किमान वेग ठरला होता आणि तोही आम्हाला केवढा वाटला. आज नालासोपाऱ्याच्या चाळीतही फायबर पोचलंय, हे चांगलंच झालं. माझी तक्रार वेगाबद्दल नाही. जोडणीचं ज्ञान घरातून निघून दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये जाऊन बसलं, त्याबद्दल आहे.

कुणी म्हणेल, आता सगळं आपोआप होतं, त्यात समजून घेण्यासारखं उरलंय काय? उरलंय. मावशींच्या कॉम्प्युटरने ज्या रीतीने पलीकडे आपली ओळख पटवली, तिचं नाव पीपीपी. १९९९ मध्ये तीच रीत ब्रॉडबँडसाठी बेतली गेली आणि आज अनेक घरांतला फायबरचा राउटर तिच्याच जोरावर रोज लॉगिन करतो. म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड आजही आहेत. फक्त ते तुमच्याकडे नाहीत. कंपनी बदलायची झाली, राउटर बिघडून नवा आणला किंवा मुलांनी चुकून रिसेटचं बटण दाबलं की याची किंमत कळते.

दुसरा पासवर्ड त्याहून महत्त्वाचा: राउटरच्या सेटिंगचा. तो बऱ्याच घरांत कारखान्यातून आला तसाच राहतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने जगभरातले असेच कारखान्याच्या पासवर्डवर चालणारे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. ज्यांच्या घरातली ती यंत्रं होती त्यांना पत्ताही नव्हता. गॅसचा रेग्युलेटर कसा बंद करायचा हे घरातल्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना शिकवतो ना आपण? राउटरचा पासवर्ड बदलणं याहून अवघड नाही.

आणखी एक गोष्ट वसई-विरारकरांनी तरी विसरू नये. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या आणि आपल्याकडच्या मोठ्या भागातली वीज गेली. तांब्याच्या तारेवरच्या साध्या टेलिफोनला घरची वीज लागत नाही, एक्स्चेंजमधून येणाऱ्या साधारण ४८ व्होल्टवर तो चालतो. फायबरच्या डब्याचं तसं नाही. घरातली वीज गेली की डबा बंद आणि त्यावर चालणारा लँडलाइनही बंद. त्या डब्यासाठी छोटा बॅटरी बॅकअप मिळतो. ज्या घरात म्हातारी माणसं एकटी राहतात तिथे तो घ्यायलाच हवा. पण डब्याला वीज लागते हे माहीतच नसेल तर तो सुचणार कसा?

जोडणी करून देणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही. दिवसभरात त्यांना कितीतरी घरं उरकायची असतात, शिकवायला कुणी वेळ देत नाही आणि त्याचे पैसेही मिळत नाहीत. हे काम कंपन्यांचं आहे. वीजबिलावर ग्राहक क्रमांक, मीटर नंबर, तक्रारीचा फोन सगळं मराठीत छापलेलं येतं. इंटरनेटचं कनेक्शन देतानाही असा एक मराठी कागद ग्राहकाच्या हाती दिलाच पाहिजे आणि हाउसिंग सोसायट्यांनी केबलवाल्याला इमारतीत वायर टाकायची परवानगी देताना तशी अट घालावी. एवढा अधिकार सोसायटीला आहेच.

तोवर आपण आपली वही करू या. साधी शाळेची वही चालेल. कंपनीचं नाव, ग्राहक क्रमांक, जोडणीचं युजरनेम आणि पासवर्ड. वाय-फायचा पासवर्ड. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड, स्वतः बदललेला. तक्रारीचा नंबर. वायर इमारतीत कुठून येते आणि कुणाच्या गच्चीवरून. सगळं नीट चालू असताना डब्यावरचे कोणते दिवे कोणत्या रंगाचे असतात, तेही बघून लिहा. ‘एलओएस’ लिहिलेला लाल दिवा लागला तर बाहेरून प्रकाशच येत नाही, घरात कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, सरळ तक्रार करायची. ही वही घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या, पण पाहुण्यांच्या नजरेला न पडणाऱ्या जागी ठेवा. आणि पुढच्या वेळी कनेक्शन जोडायला कुणी आलं तर त्याला चहा द्या, शेजारी बसवा आणि हे सगळं आपल्या अक्षरात लिहून झाल्यावरच पैसे द्या.