मूल कोणाच्या खाती?

संध्याकाळी डोंबिवली-बदलापूरकडे परतणाऱ्या गाड्यांतील स्त्रियांच्या डब्यात भाजी निवडली जाते, मटार सोलले जातात. या दृश्याचे कौतुक करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. शेजारच्या डब्यात पत्ते कुटणाऱ्या नवऱ्याच्या हाती मेथीची जुडी का नसते, हे मात्र कोणी विचारीत नाही. दोघांचे कामाचे तास सारखे, दोघांचे पगार घराच्या हप्त्यात सारखेच जिरतात. तरी एकीची दुसरी पाळी गाडीतच सुरू झालेली असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देते, पुरुष ८८. घरकामाला हातच न लावणारे पुरुष या सरासरीत धरलेले नाहीत.

मोलकरीण ठेवावी, असा सल्ला सुस्थितीतील मंडळी देतात. पुष्कळांना तो परवडत नाही. ज्यांना परवडतो, त्यांच्या घरीही काम पुरुषाकडे न जाता एका स्त्रीकडून अधिक गरीब स्त्रीकडे सरकते. ती आपले पोर कोठे ठेवून येते याची चौकशी होत नाही.

खरी कसोटी मुलाला ताप येतो त्या दिवशी लागते. पाळणाघरवाली बाई तापलेले मूल घेत नाही, आणि यात तिची चूकही नाही. रजा कोणी घ्यावी, हा प्रश्न सकाळी सातला उभा राहतो आणि चर्चेवाचून सुटतो. त्याला साहेब काय म्हणेल? तिला साहेब काय म्हणतो, हे ती घरी सांगत नाही. बढतीच्या वेळी याच रजा मोजल्या जातात. मग तिचा पगार कमी, म्हणून पुढच्या तापालाही तिचीच रजा ‘परवडते’.

केवळ नवऱ्यांना दोष देऊन भागणार नाही. कायद्यानेही मूल आईच्याच खाती मांडले आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची सक्ती स्त्री कामगार मोजून होती. १९७६ च्या दुरुस्तीनंतर ती तीसहून अधिक स्त्रिया असल्यास लागू झाली. कारखान्यात पाचशे बाप असले तरी त्यांची मुले हिशेबात नव्हती. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची केली आणि पन्नास कामगारांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केले. येथे पुरुषही मोजले गेले, हे खरे. तथापि दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा आईलाच मिळाली. केंद्र सरकारच्या नोकरीत ७३० दिवसांची संगोपन रजा स्त्रियांना आहे. २०१८ पासून एकट्या पुरुषालाही आहे. म्हणजे जन्माच्या वेळचे १५ दिवस सोडले, तर घरात बायको असेपर्यंत मुलाला सांभाळणारा बाप सरकारदरबारी अस्तित्वातच नाही!

वस्तीतच उशिरापर्यंत उघडे राहणारे पाळणाघर आणि बापाला सक्तीची संगोपन रजा, या दोन मागण्या कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात महागाई भत्त्याच्या शेजारी लिहिल्या पाहिजेत. ते पत्रक तयार करणाऱ्या समितीची बैठक मात्र संध्याकाळी सातला ठेवता येणार नाही. त्या वेळी स्त्री सभासद स्वयंपाकघरात असतात.