कलश आणि करार : संयुक्त महाराष्ट्राच्या नेत्यांविषयी एक मत

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकताना राजकीय नेत्यांची आत्मचरित्रे आपण अनेकदा चरित्रनायकाच्या स्वभावदर्शनासाठी वाचतो आणि बाजूला ठेवतो. त्या नेत्याचे आपल्या सहकाऱ्यांशी काय बिनसले होते, कोणत्या गोष्टीवर त्याने माघार घेतली आणि त्या माघारीची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकक्षेबाहेरचे मानण्याची आपली रीत आहे. ही रीत चुकीची आहे, असे माझे मत आहे, आणि ते मांडण्यासाठी मी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे उदाहरण घेत आहे.

कल्याण-डोंबिवली परिसरातील अभ्यासकेंद्रांवर मी काही वर्षे संपर्कसत्रे घेतली आहेत. १ मे १९६० या घटनेविषयी लिहा असे सांगितले, की बहुतेक उत्तरांत दोनच शब्द येतात : ‘हुतात्मे’ आणि ‘मंगल कलश’. रक्त सांडले आणि कलश आला. या दोहोंच्या मध्ये जी चार-पाच वर्षे गेली, जे करार झाले, मोडले, पुन्हा झाले, त्यांना आपल्या सार्वजनिक भाषेत शब्दच उरलेला नाही. ‘तडजोड’ हा शब्द आहे, पण तो उच्चारताना आपला आवाज उगाच खाली येतो, जणू आपण कोणाच्या तरी फितुरीविषयी बोलत आहोत.

तुलनेसाठी एक दूरचे उदाहरण पाहू. अमेरिकेचे नवे प्रजासत्ताक राज्यघटना अमलात येऊन जेमतेम वर्षाचे झाले असताना, १७९० च्या जून महिन्यात, न्यूयॉर्क येथे थॉमस जेफरसन यांच्या निवासस्थानी तीन माणसे भोजनास एकत्र बसली. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांना घटक राज्यांची युद्धकाळातील कर्जे केंद्राने स्वतःच्या शिरावर घ्यावीत असे वाटत होते. व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन यांचा त्यास कडवा विरोध होता. दुसरीकडे, राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅक नदीच्या काठी व्हावी, ही दक्षिणेतील नेत्यांची इच्छा होती. त्या रात्री असे ठरले, की मॅडिसन यांनी कर्जाच्या प्रस्तावाला असलेला विरोध सौम्य करावा आणि हॅमिल्टन यांनी राजधानीच्या प्रस्तावाला साहाय्य करावे. त्याच उन्हाळ्यात दोन्ही कायदे झाले. राजधानी दहा वर्षे फिलाडेल्फियाला राहिली आणि मग पोटोमॅकच्या काठी गेली.

मराठीच्या विद्यार्थ्याने यात लक्ष द्यावे अशी गोष्ट वेगळीच आहे. या भोजनाची हकीकत आपल्याला प्रामुख्याने जेफरसन यांच्याच लेखणीतून कळते, आणि हॅमिल्टन यांनी आपल्याला फसवले, असे पुढे याच जेफरसन यांनी म्हटले. म्हणजे तडजोडीचा साक्षीदार तोच तिचा एक पक्षकार, आणि तोच नंतरचा तक्रारदार. त्या एका रात्रीने कितपत ठरले आणि आधीच्या वाटाघाटींनी कितपत, याविषयी इतिहासकारांत अजून मतभेद आहेत. तरीही त्या देशाचे अभ्यासक या सौद्याचा उल्लेख करताना संकोचत नाहीत.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडेही राजधानी आणि पैसा यांचाच व्यवहार झाला होता. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारावर भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, गोपाळराव खेडकर, रा. कृ. पाटील आदी नेत्यांच्या सह्या आहेत. त्यात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचा आणि नोकऱ्यांचा वाटा, आणि विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन नागपूरला, अशी आश्वासने होती. नागपूर ही तेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी होती. राजधानीपण सोडण्याच्या बदल्यात अधिवेशन, असा हा सौदा होता, आणि तो सौदा म्हणूनच वाचला पाहिजे. दर हिवाळ्यात नागपूरला सरकार जाते तेव्हा आपण त्याला प्रथा म्हणतो. ती प्रथा नव्हे, ती देणी आहेत. १९६० मध्येही तेच. गुजरातला नवी राजधानी उभारावयाची होती आणि त्या राज्याच्या अंदाजपत्रकात तूट येणार होती. मुंबई महाराष्ट्राकडे राहिली आणि महाराष्ट्राने गुजरातला त्यासाठी ठरावीक रक्कम देण्याचे मान्य केले. कलशाबरोबर ही पावतीही आली होती.

या चळवळीचा उगम साहित्याच्या व्यासपीठावर झाला, हे आपण विसरता कामा नये. १९४६ मध्ये बेळगाव येथे ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, आणि ज्या बेळगावात तो झाला ते बेळगाव १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेले. पुढे ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, तेव्हा एका मेजाभोवती कोण बसले होते ते पाहा. एस. एम. जोशी हे बेचाळीसच्या भूमिगत लढ्यातले समाजवादी. श्रीपाद अमृत डांगे ज्या कम्युनिस्ट पक्षाचे, त्या पक्षाने बेचाळीसच्या त्याच लढ्याला विरोध केला होता. चौदा वर्षांत ते वैर निवले होते असे मुळीच नाही. शेतकरी कामगार पक्ष काँग्रेसमधून फुटलेला. आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन तर विशेष लक्षात घेण्याजोगे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांविषयी लिहिलेल्या पुस्तकात मराठी भाषकांची एकच नव्हे, तर चार राज्ये करावीत असे सुचविले होते, आणि त्यांत मुंबईचे स्वतंत्र नगरराज्य होते. तरीही त्यांचा पक्ष समितीत आला. हे विचारांचे विस्मरण होते, की बहुसंख्याकांच्या राज्यात दलितांना एकटे पडू न देण्याचा विचारपूर्वक निर्णय होता? मला दुसरे अधिक संभवनीय वाटते. पण प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर शोधता येत नाही, आणि आपण प्रश्नच विचारत नाही.

आचार्य अत्रे यांचे स्थान या सर्वांत निराळे. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांनी ‘मराठा’ दैनिक सुरू केले आणि समितीला आवाज दिला. तो आवाज नसता तर १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची जी वाताहत झाली ती तशी झाली नसती. पण त्याच आवाजाने प्रतिपक्षाला माणूस म्हणून पाहण्याची सवय मोडली, असेही मी म्हणेन. अत्र्यांच्या गद्याचा आनंद घेणारा मीही आहे. मात्र त्या गद्यातले यशवंतराव आणि प्रत्यक्षातले यशवंतराव यांतले अंतर शोधणे हे वाङ्मयाच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

आणि येथे मला थोडे अवघड बोलावे लागेल, कारण तुम्ही ज्या विद्यापीठाचे विद्यार्थी आहात त्याला यशवंतरावांचेच नाव आहे. १९५५ च्या अखेरीस, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी चिन्हे दिसत असताना, यशवंतरावांनी संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे नेते शंकरराव देव यांच्या नेतृत्वापासून स्वतःला उघडपणे वेगळे केले, आणि महाराष्ट्र की नेहरू असा प्रश्न आला तर आपण नेहरूंच्या बाजूने राहू, अशा आशयाची भूमिका घेतली. त्याआधी २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला होता. त्यानंतर १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित होणार अशी घोषणा झाली आणि पुन्हा माणसे मेली. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय मंत्रिपद सोडले. यशवंतराव पक्षात राहिले, हिऱ्यांशी स्पर्धा करून द्विभाषिकाचे मुख्यमंत्री झाले, आणि साडेतीन वर्षांनी आतूनच दिल्लीचे मन वळविणाऱ्यांत होते. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणास आले तेव्हा समितीने केलेली प्रचंड निदर्शने नसती, तर हे आतून मन वळविणे शक्य झाले असते का? नसते. आणि आतून बोलणारा कोणी नसता, तर निदर्शनांचे रूपांतर कायद्यात झाले असते का? तेही इतक्या लवकर झाले नसते. १९५५ मधले त्यांचे विधान मात्र मला आजही खटकते. गोळीबाराने विव्हळ झालेल्या समाजापुढे पक्षनिष्ठेची तुला मांडणे हा केवळ वेळेचा चुकलेला अंदाज नव्हता, तर कोणाला उत्तरदायी राहावे याविषयीची चूक होती. नावाचा आदर राखूनही हे लिहिता येते, असे मी मानतो. परीक्षेतही ते निःशंक लिहावे.

इथवर नेत्यांचे झाले. पण तडजोडीचा हिशेब नेत्यांपाशी संपत नाही, आणि ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्यांना तर तो तेथे संपविताच येणार नाही. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसलात तर शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. आज तेथे बहुतेक लोक गणपतीच्या दर्शनाला उतरतात. त्या परिषदेला उंबरगाव तालुक्यातील वारली आले होते. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच तालुक्यातील झरी या गावी वारल्यांची सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा उठाव उभा राहिला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे ही हकीकत मराठी वाङ्मयाचा भाग झाली आहे. उठावात त्यांच्याबरोबर असलेले शामराव परुळेकर १९५७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून आले. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला जिल्ह्याने दिलेला तो कौल होता.

तीन वर्षांनी राज्य आले, आणि त्याच उंबरगाव तालुक्याचे दोन भाग झाले. झरी ज्या तलासरीच्या बाजूला आहे ती महाराष्ट्रात राहिली, उरलेली गावे गुजरातकडे गेली. डांग जिल्हा गेला, पश्चिम खानदेशातील काही गावे गेली. ही गावे देताना त्या गावांतील माणसे कोणत्या मेजावर बसली होती? जेफरसन यांच्या मेजावरही तीनच माणसे होती आणि त्यांना भोजन वाढणारे गुलाम होते. दक्षिणेकडे नेलेल्या राजधानीच्या उभारणीत गुलामांचे श्रम वापरले गेले. मी दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे म्हणत नाही. अनुपस्थितांच्या खात्यावर खर्च टाकण्याची रीत मात्र ओळखीची वाटते.

ठाण्यात २०१० मध्ये आणि डोंबिवलीत २०१७ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलनांतून सीमाभागाविषयी बोलले जाते तेव्हा सीमाभाग म्हणजे बेळगाव, कारवार, निपाणी. ते योग्यच आहे. परंतु उत्तरेकडचीही एक सीमा आहे, ती पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याच्या अंगावरून गेली आहे, आणि तिच्याविषयी कोणाला हळहळ वाटताना दिसत नाही. बेळगावला वृत्तपत्रे होती, साहित्यिक होते, वकील होते. उंबरगावच्या वारल्यांपाशी गोदावरीबाईंचे एक पुस्तक होते, आणि त्या पुस्तकाचा विषय सीमा नव्हे, वेठ हा होता. स्वाभाविकच होते ते. वेठबिगारीत असलेल्या माणसाला आपण कोणत्या राज्यात आहोत याची पहिली चिंता नसते.

स्वाध्यायासाठी मी नेहमी अत्र्यांचे ‘कऱ्हेचे पाणी’ आणि जोशींचे ‘मी एस. एम.’ सुचवितो. कोणीही एक न वाचता दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत आणि एकाच माणसाविषयी, एकाच वर्षाविषयी दोघे काय लिहितात याची टिपणे काढावीत. यशवंतरावांच्या ‘कृष्णाकाठ’चा मात्र या कामी उपयोग नाही, ते या काळापर्यंत पोहोचतच नाही. उंबरगावसाठी आत्मचरित्र सुचविता येत नाही म्हणून मी मुंबई पुनर्रचना कायदा, १९६० याची पहिली अनुसूची वाचावयास सांगतो. तिच्यात वाक्ये नाहीत, केवळ गावांची नावे आहेत.