परसदारी : दुधाच्या हिशेबाशेजारी पाखराची नोंद



स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कॅलेंडर जरा डोळ्यांसमोर आणा. दुधाचा रतीब, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या बाईंचे खाडे, संकष्टी, मुलांच्या परीक्षा... सगळा संसार त्या चौकोनांत मावलेला असतो. आज त्याच चौकोनात आणखी एक ओळ लिहायला सांगणार आहे. आज परसात कोणतं पाखरू आलं, एवढीच ती ओळ. "कामं काय कमी आहेत, त्यात हे कुठून काढलं?" असं म्हणाल. पण आधी आमच्या भागातली एक खरी हकिगत ऐका आणि मग ठरवा.

आमचं धडगाव सातपुड्याच्या आत, डोंगरांच्या कुशीत. खाली सपाटीवर शहादा आणि तळोदा. या रानात रानपिंगळा नावाचं एक लहानसं घुबड राहतं. १८७३ मध्ये ह्यूमसाहेबांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. पुढच्या दशकात खानदेशात नोकरीला असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी आपल्याच भागात काही रानपिंगळे मिळवले. त्या काळी कॅमेरे सुटसुटीत नव्हते. पक्षी दाखवायचा म्हणजे बंदुकीने मारायचा, पेंढा भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची : कुठे मिळाला, कधी मिळाला. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कुणाला दिसल्याची खात्रीची नोंदच नाही. सालिम अलींसारख्या जाणत्यांनीही शोध घेतला, पण तो सापडेना. संपला बिचारा, असंच पुष्कळांना वाटू लागलं.

खरी गंमत पुढेच आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या एका इंग्रज कर्नलने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ रानपिंगळा मिळवल्याचं सांगितलं होतं. लोक त्या पत्त्यावर विसंबून राहिले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने जुने नमुने बारकाईने तपासले, तेव्हा लबाडी उघडी पडली. कर्नलसाहेबांनी संग्रहालयातला डेव्हिडसनचाच जुना पक्षी उचलला होता, त्याचा पेंढा नव्याने भरून खोटी चिठ्ठी लावली होती! मग रासमुसेनबाईंनी खोटी चिठ्ठी बाजूला सारली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा गाठल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांचे सोबती बेन किंग यांना एका निष्पर्ण झाडावर ऊन खात बसलेला रानपिंगळा दिसला. त्या वेळी आपला नंदुरबार जिल्हाही झाला नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला. या खेपेला कुणी बंदूक उचलली नाही. फोटो काढले, चित्रफीत घेतली, तेवढा पुरावा जगाला पुरला. पुढे आपल्या अक्राणी तालुक्यातल्या तोरणमाळच्या रानातही तो आढळला, मेळघाटात आणि इतरत्रही सापडला.

११३ वर्षं हरवलेला पक्षी, आणि बसला होता कुठे? दिवसाउजेडी, आपल्या अंगणापासून फार दूर नाही! लाकूडफाटा, मोहाची फुलं आणायला रानात जाणाऱ्या बायाबापड्यांनी तो पाहिला नसेल असं मला नाही वाटत. पण ते तारीखवार लिहून ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांना विचारायलाही कुणी आलं नव्हतं. म्हणून म्हणते, कॅलेंडरातली ती ओळ क्षुल्लक समजू नका. तारीख, वेळ, जागा आणि जे दिसलं तेच, मीठमसाला न लावता.

आता हातात मोबाइल आहे, म्हणजे कॅमेरा आलाच. फोटो काढण्याआधी भिंग पदराने हलकेच पुसा. स्वयंपाकघरातली बोटं तेलकट असतात, निम्मे फोटो त्यानेच धूसर येतात. सकाळचं ऊन आपल्या पाठीशी असू द्या. खिडकी आधीच उघडून जुन्या साडीचा पडदा अर्धा ओढा आणि आडोशाने उभ्या राहा. फ्लॅश आणि खटका वाजवणारा आवाज बंद ठेवा. पक्षी लहान आला तरी चालेल, ओळख पटण्यापुरता पुरतो.

एक पथ्य मात्र कडक पाळा. घरट्याचा फोटो काढायला जवळ जायचं नाही, पानं-फांद्या बाजूला सारायच्या नाहीत. आपण वाट करून दिली की मागून कावळा येतो, नाहीतर मांजर. उघड्या पडलेल्या पिल्लांना ऊनही सोसत नाही.

कोणत्या ऋतूत काय बघाल? माघ-फाल्गुनात पळस आणि सावर फुलली की शिंजीर, बुलबुल, मैना मध प्यायला जमतात. होळी होऊन कैऱ्या आल्या की आमच्याकडे आमचुराची घाई. छपरा-अंगणांत कैरीच्या फोडी वाळत असतात आणि उंबरावरून तांबटाची 'टुक् टुक्' चाललेली असते. पावसाच्या तोंडाशी पावशा 'पेरते व्हा' म्हणून हाकारतो. मग सुगरणीचे खोपे. घरटं विणतो तो नर, मादी फक्त पसंत-नापसंत करते, आणि नाव मात्र पडलं सुगरण! घरच्या मंडळींना हे जरूर वाचून दाखवा. थंडी सुरू झाली की उत्तरेकडून धोबी येतो, शेपटी थरथरवणारा थिरथिरा येतो. ते पहिल्यांदा कधी दिसले ती तारीख दर वर्षी लिहा. चार वर्षांनी चार तारखा शेजारी ठेवून बघा, लवकर आले की उशिरा ते तुम्हीच सांगाल.

पाखरं यावीत म्हणून फार खर्च नको. मातीचं उथळ परळ घ्या, दोन बोटं पाणी आणि मधे एक खडबडीत दगड. झुडपाला चिकटून ठेवू नका, तिथे मांजर दबा धरतं. पाणी रोज बदला आणि परळ नुसत्या काथ्याने घासा, नाहीतर डासांची पैदास व्हायची. दाणे घालायचे तर दादर किंवा बाजरी मूठभर पुरे. उरलीसुरली शेव, चिवडा, खारट पदार्थ नकोत. विंचरलेल्या केसांचा गुंता आणि शिवणाचे दोरे अंगणात फेकू नका, पाखरांच्या पायांत अडकून पाय कापतात. आणि पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा कायद्याने गुन्हा आहे, हे हौशी मंडळींना सांगून ठेवा.

शेवटी थोडं घुबडाबद्दल. गावातल्या जुन्या झाडांच्या ढोलीत राहतो तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, पोट पांढरं, पंख-शेपटीवर ठळक पट्टे. तो दिवसाही हिंडतो, सरडे, पाली, उंदीर खातो. तोरणमाळला सहलीला गेलात तर निष्पर्ण सागाच्या शेंड्याकडे जरूर नजर टाका.

पिंगळा ओरडला की "अपशकुन झाला" म्हणून पोरांना दगड मारायला लावणारी घरं अजून आहेत. लक्ष्मीचं वाहन म्हणून चित्रात घुबड चालतं, पहाटे दारी येणाऱ्या पिंगळा जोशाकडून शुभवर्तमानही ऐकायचं असतं, मग झाडावरच्या पिंगळ्यानेच काय घोडं मारलंय? दिवाळीच्या अमावास्येला जादूटोण्यापायी घुबडं पकडली जातात, तोही गुन्हाच आहे. असं काही कानावर आलं तर वनखात्याला कळवा. रानपिंगळा आजही जगातल्या धोक्यात आलेल्या पक्ष्यांत मोडतो. त्याला लागतात ढोली असलेली जुनी झाडं, आणि ती तुटत चालली आहेत. सासूबाईंशी वाद घालू नका. "हा धान्याचे उंदीर खातो, आपल्या उपयोगाचा आहे" एवढंच सांगा. कोठीतल्या नुकसानीचं गणित त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. मुलाच्या हातातला दगड मात्र तिथल्या तिथे खाली ठेवायला लावा आणि त्याच्या हाती मोबाइल द्या. "मार नको, फोटो काढ" म्हणावं.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. पण सुरुवातीला मुहूर्त कशाला? उद्या सकाळी दूध तापत ठेवलंत की खिडकीबाहेर पाच मिनिटं बघा आणि लिहा : 'सकाळी ७, पेरूवर, बुलबुल २.' नाव येत नसेल तर रंग लिहा, शेपटी कशी ते लिहा. महिन्याअखेरी दुधाचा हिशेब करताना पाखरांचाही करा, आणि तुमच्या परसात किती जातींची आली ते मला जरूर कळवा.