मुदत फक्त सरपंचताईंची



  एक गोष्ट वर्षभर मनात सलते आहे.

गेल्या हिवाळ्यात तलासरी तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत बसलो होतो. सरपंचताई ग्रामसेवकांना पेसाच्या (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याच्या) पाच टक्के निधीचा हिशेब विचारत होत्या. कोणत्या पाड्याच्या बोअरिंगला किती दिले, बिल कुठे अडलं, सगळं तोंडपाठ. पहिली दोन वर्षं त्या दाखवतील तिथे सही करत. प्रोसिडिंग वाचून घ्यायला आणि पासबुक मागायला तिसऱ्या वर्षी लागल्या. पुढच्या खेपेला उभ्या राहणार का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "आता बाप्यांची पाळी, असं समदे बोलतात."

कायदा त्यांना अडवत नाही. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यामुळे इथलं सरपंचपद आदिवासींनाच राखीव आहे. त्यातली निम्मी पदं महिलांची, आणि ती गावागावांत फिरती. महिला आरक्षण उठलं की जागा पुरुषांची झाली, असं गाव धरून चालतं. कारभार हाती येतो न येतो तोच बाई घरी. आपल्याकडे पदाला मुदतीची मर्यादा आहे ती एवढीच, आणि ती सगळ्यात दुबळ्या खांद्यावर आहे.

वर पाहा. आमदार, खासदार, मंत्री कितीही वेळा होता येतं. वसंतराव नाईक अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. गणपतराव देशमुख सांगोल्यातून 11 वेळा निवडून आले. दोघांबद्दल मला आदर आहे. पण एवढ्या मोठ्या झाडाखाली दुसरं रोप धरत नाही. राष्ट्रपतिपदालाही आपल्या संविधानाने मर्यादा घातलेली नाही. राजेंद्रप्रसादांनंतर कुणी दुसऱ्यांदा त्या पदावर आलं नाही, हा केवळ पायंडा. अमेरिकेने 1951 मध्ये दोन खेपांची अट संविधानातच घातली, तरी 2025 मध्ये तिथे तिसऱ्या खेपेची भाषा झालीच.

आणि ज्यांना कुणी निवडलंच नाही, त्यांचं काय? डहाणू नगरपरिषदेची निवडणूक डिसेंबर 2017 मध्ये झाली. पाच वर्षं संपली आणि प्रशासक बसले. गटार तुंबलं तर कुणाच्या दारात जायचं, हे डहाणूकरांना त्या काळात ठाऊक नव्हतं. निवडणुका घ्या, हे शेवटी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

मुदत नसलेल्या सत्तेशी इथली लढाई जुनी आहे; वारली लढ्याला 2025 मध्ये 80 वर्षं झाली. मे 1945 मध्ये झरी गावच्या सभेत वारल्यांनी वेठ नाकारली. किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने ते ज्या सत्तेपुढे उभे ठाकले, ती सावकार-जमीनदारांची सत्ता बापाकडून मुलाकडे जात होती. तिला मुदत नव्हती. त्या लढ्याचा लाल बावटा आजही तलासरीत आहे. तो बावटा धरणाऱ्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने सरचिटणीसपदाला तीन खेपांची मर्यादा घातली आहे, आणि 2021 मध्ये केरळात सलग दोनदा निवडून आलेल्या आमदारांना, अगदी अर्थमंत्री थॉमस आयझॅक यांनाही, घरी बसवलं.  मनात आणलं तर पक्षाला हे जमतं, हे दिसलं. बाकीच्या पक्षांनी निदान एवढं तरी करावं.

माझी मागणी साधी आहे. आमदारकी, खासदारकी, मंत्रिपद सलग दोन खेपांपुरतं असावं. सरपंचपदाचं महिला आरक्षण मात्र गावात सलग दहा वर्षं राहावं. तमिळनाडूत स्थानिक संस्थांचं आरक्षण दोन मुदती टिकतं, मग इथे का नको?

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर डहाणू-तलासरीच्या वाचकांनी एक करावं: आपल्या गावच्या सरपंचताईंनी काम चांगलं केलं असेल, तर आरक्षण उठल्यावरही त्यांना उभं राहायला सांगावं आणि त्यांच्या प्रचाराला घरातल्या पुरुषांनी बाहेर पडावं.