निर्वात वेष्टनयंत्र : निवड पेटीची नव्हे, पंपाची

औषध तयार करणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते राखणे महत्त्वाचे, ही जाणीव आपल्या शास्त्रात प्रारंभापासून आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्याच अध्यायात संगृहीत द्रव्ये कशी ठेवावीत याचे विवेचन येते. भांडे द्रव्याला अनुरूप असावे, आगाराचे द्वार पूर्वेस वा उत्तरेस असावे, तेथे अग्नी, पाणी, दमटपणा, धूर, धूळ आणि उंदीर यांचा प्रवेश नसावा, भांडी नीट झाकून शिंक्यावर टांगावीत, इतक्या तपशिलाने आचार्य सांगतात. शार्ङ्गधराने पुढे कालमर्यादाही घातली. त्याच्या मते वनस्पतिद्रव्य एका वर्षानंतर गुणहीन होते, गुटी व अवलेह यांचे वीर्यही वर्षभरच टिकते, चूर्ण मात्र दोनच महिन्यांत हीनवीर्य होते.

आजचा कायदा याहून उदार आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १६१-ब मध्ये २०१६ साली झालेल्या सुधारणेनुसार चूर्णाला उत्पादनाच्या दिनांकापासून दोन वर्षांचा अवधी मिळतो. शार्ङ्गधराचे दोन महिने आणि नियमावलीची दोन वर्षे यांतील बावीस महिन्यांचे अंतर कशाच्या बळावर भरून काढायचे, हा आपल्या व्यवसायापुढील खरा प्रश्न आहे. लेबलावर तारीख छापल्याने वीर्य टिकत नाही. ते टिकते द्रव्याच्या शुष्कतेने आणि वेष्टनाच्या गुणवत्तेने. म्हणूनच अलीकडे अनेक लहान औषधालयांत चेंबर पद्धतीचे व्हॅक्युम पॅकिंग यंत्र दिसू लागले आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु हे यंत्र निवडताना आणि वापरताना आपण नको तेथे लक्ष देतो आणि हवे तेथे देत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ते सकारण मांडण्यासाठी हा लेखप्रपंच.

यंत्र काय करते आणि काय करत नाही

साध्या, नळीने हवा ओढणाऱ्या यंत्रात पिशवी बाहेर राहते व तिच्या तोंडातून हवा काढली जाते. त्या ओढीबरोबर सूक्ष्म चूर्णही निघते आणि सीलच्या जागी बसते. चेंबर यंत्रात संपूर्ण पिशवी पेटीत ठेवून झाकण बंद केले जाते. पेटीतील व पिशवीतील हवा एकाच वेळी विरळ होते, मग पिशवीचे तोंड तापपट्टीने बंद होते, आणि शेवटी पेटीत हवा परत सोडली की बाहेरच्या दाबाने पिशवी द्रव्याला घट्ट बिलगते. चूर्णे व अवलेह यांच्यासाठी हीच पद्धत योग्य. या यंत्राला खोबणीच्या महाग पिशव्या लागत नाहीत. साध्या गुळगुळीत पिशव्या चालतात.

मात्र हवा काढल्याने जंतू मरत नाहीत. बुरशीची वाढ रोखली जाते, पण हवेवाचून वाढणारे जंतू ओलसर द्रव्यात राहूच शकतात. ओले चूर्ण निर्वात पिशवीत भरले तर ते केवळ निर्वात पिशवीत बिघडते. यंत्र शुष्क औषधाचे रक्षण करते. ओल्या औषधाचा दोष ते झाकते, आणि तेच अधिक घातक आहे.

निवड करताना

विक्रेत्याच्या दुकानी ग्राहक प्रथम पेटीचा आकार, स्टीलची चकाकी आणि कळफलकावरील दिवे पाहतो. पंप खाली, पत्र्याआड असतो. वस्तुतः या यंत्राची किंमत, आयुष्य आणि उपयुक्तता पंपावर ठरते.

पंप मुख्यतः दोन प्रकारचे असतात: तेलविरहित कोरडे आणि तेलावर चालणारे फिरत्या पात्यांचे. कोरड्या लहान पंपाची देखभाल अल्प असते, परंतु त्यातील पुष्कळसे खोल निर्वात गाठू शकत नाहीत. नव्वद टक्के हवा काढली तर मूळ प्राणवायूचा दशांश पिशवीत उरतो. नव्व्याण्णव टक्के काढली तर शतांश. दोन वर्षे टिकवण्याच्या चूर्णाला हा फरक मोठा आहे. नियमित काम करणाऱ्या औषधालयाने तेलाचा पंपच घ्यावा.

पंपाची क्षमता ताशी घनमीटरमध्ये दिलेली असते. हिशेब सोपा आहे. ४० सेंटिमीटर लांब, ४० रुंद व १५ उंच अशा पेटीत २४ लिटर हवा मावते. ताशी २० घनमीटरचा पंप तिच्यातील नव्व्याण्णव टक्के हवा काढण्यास तत्त्वतः सुमारे २० सेकंद घेईल. ताशी ८ घनमीटरचा पंप सुमारे ५० सेकंद. प्रत्यक्षात वेळ थोडा अधिकच लागतो. मोठी पेटी आणि दुबळा पंप ही जोडी म्हणून टाळावी. त्यापेक्षा लहान पेटी व सशक्त पंप केव्हाही श्रेयस्कर. पेटीत भरीव फळ्या टाकून रिकामी जागा कमी करता येत असेल तर वेळ आणखी वाचतो.

प्रात्यक्षिकात विक्रेता बहुधा काजू वा राजमा सील करून दाखवतो. आपण आपले चूर्ण बरोबर न्यावे. अविपत्तिकरासारखे साखरयुक्त, लवणभास्करासारखे लवणयुक्त आणि एखादे अगदी सूक्ष्म, हलके चूर्ण, अशी तीन पुरेशी. हवा टप्प्याटप्प्याने काढण्याची आणि सावकाश परत सोडण्याची सोय यंत्रात आहे का, हे तेथेच कळते. चूर्णाच्या कणांमध्ये अडकलेली हवा एकदम प्रसरण पावली की चूर्ण उसळते आणि पिशवीच्या काठावर, पेटीत व अखेर पंपात जाते. पेटी व पंप यांच्यामध्ये गाळणी आहे काय, हेही विचारावे.

दर्शकाविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये आकडे दाखवणारा साधा दर्शक बाहेरच्या दाबाच्या तुलनेत मोजतो. मुंबईत समुद्रसपाटीला तो ७६० च्या जवळ जाऊ शकतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने तेथे उत्तम पंपही सुमारे ७१० च्या पुढे काटा नेणार नाही. महाबळेश्वरी तर ६४५ च्या आसपासच थांबेल. हा पंपाचा दोष नव्हे. आपल्या गावी नव्या यंत्राचा काटा कोठवर गेला, तो आकडा पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा. पुढील सर्व तुलना त्याच्याशी करावी.

आपल्याकडील वीजपुरवठा लक्षात घेऊन आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. वीज अचानक गेल्यास पंपातील तेल उलटे पेटीकडे ओढले जाऊ नये यासाठी झडप हवी. आणि तीन फेजचा पंप असल्यास जोडणीच्या वेळी त्याची फिरण्याची दिशा तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावी. उलटा फिरलेला पंप तेल पेटीकडे फेकू शकतो.

पंपाचा खरा शत्रू : पाणी

पंपातील तेल तीन कामे करते. ते पात्यांभोवतीची फट बंद ठेवते, घर्षण कमी करते आणि उष्णता वाहून नेते. स्नेहाची ही कार्ये आयुर्वेदाच्या अभ्यासकाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. हे तेल बिघडवण्यात पाण्याचा वाटा सर्वाधिक असतो.

दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळते. पेटीतील दाब ४२ मिलीबारपर्यंत उतरला तर ३० अंश सेल्सिअसचे पाणी उकळू लागते. २३ मिलीबारला २० अंशांचे. चांगला पंप १० मिलीबारच्याही खाली जातो. आता असे पाहा: २० अंशांना केवळ एक ग्रॅम पाण्याची संपृक्त वाफ सुमारे ५८ लिटर जागा व्यापते. म्हणजे पिशवीतून एक ग्रॅम पाणी वाफ झाले, तर पंपाला आपल्या २४ लिटरच्या पेटीच्या दुपटीहून अधिक वाफ गिळावी लागते. ही वाफ थंड पंपात तेलात उतरते, तेल दुधाळ होते, पात्यांभोवतीची फट बंद राहत नाही आणि आतील धातू गंजू लागतो.

म्हणून आधी द्रव्य सुकवणे, मग निर्वात वेष्टन, हा क्रम कधीही उलटू नये. प्रत्येक घाण्याची आर्द्रता तपासल्याशिवाय चूर्ण यंत्राकडे जाऊ नये. कोकणात आषाढ-श्रावणात दळलेले चूर्ण उघड्या परातीत तासभर राहिले तरी हवेतील ओल ओढते, मग लवणयुक्त चूर्णाची काय कथा! शक्य तो पावसाळ्यापूर्वीच भरणी उरकावी. नाही तर दमटपणा काढलेल्या बंद खोलीत, दळल्याबरोबर भरावे. अवलेह पूर्ण थंड झाल्यावरच पेटीत ठेवावा. कोमट अवलेह आत उकळतो, फुगतो व सील बिघडवतो. आसव-अरिष्टे या पेटीत कधीही ठेवू नयेत. मद्याची वाफ तप्त पंपात जाणे तेलाला घातक आहे आणि आगीचाही धोका आहे.

काही द्रव्यांना खोल निर्वात मानवतच नाही. कापूर, ओवा, हिंग, लवंग यांचे सुगंधी अंश उडून जाणारे आहेत. हवा ओढताना तेही ओढले जातात. अशा कल्पांसाठी मर्यादित निर्वात, किंवा नायट्रोजन भरण्याची सोय असलेले यंत्र अधिक योग्य. मऊ गुग्गुळकल्प दाबाने चेपतात. भस्मे अतिसूक्ष्म असून त्यांना याची गरजही नाही. एकच यंत्र घेतले म्हणून सर्वच औषधे त्यात घालण्याचा मोह आवरावा.

नित्याची निगा

सकाळी काम सुरू करण्यापूर्वी पंप दहा-पंधरा मिनिटे चालवून गरम करावा. गरम तेलात वाफ कमी उतरते. दिवसाच्या शेवटी पुन्हा तितकाच वेळ रिकामा चालवावा, म्हणजे शोषलेली ओल निघून जाते. अनेक यंत्रांत यासाठी स्वतंत्र कळ असते आणि ती बहुधा वापरलीच जात नाही.

काचेच्या खिडकीतून तेलाची पातळी व रंग रोज पाहावा. दुधाळ तेल पाणी दर्शवते, काळसर तेल धूळ वा अतितप्तता. दोन्ही स्थितींत तेल बदलावे. पुस्तिकेत दिलेला कालावधी स्वच्छ कामासाठी असतो. चूर्णाच्या कामात तो निम्मा धरावा, असे मी सुचवीन. तेल गरम असतानाच काढावे आणि निर्मात्याने सांगितलेल्या जातीचेच पंपाचे तेल भरावे. गाडीच्या इंजिनाचे तेल घालण्याची काटकसर करू नये. त्यातील मळ धरून ठेवणारी द्रव्ये पाणीही धरून ठेवतात. तेलाबरोबर धूरगाळणीही पाहावी. ती तुंबली की पंप तापतो आणि खोलीत तेलाचा वास पसरतो. चूर्णाच्या खोलीत तेलाचा वास येणे हा औषधाचाच दोष समजावा. काढलेले तेल गटारात न ओतता पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावे.

पेटीच्या बाजूला काम थोडे आहे, पण रोजचे आहे. झाकणाचे रबर ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे. तापपट्टीवरील टेफ्लॉन जळाल्यास लगेच बदलावे. पिशवी दोनतृतीयांशाहून अधिक भरू नये आणि तिचे तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसावे. सीलवर चूर्णाचा एक कण वा सुरकुती राहिली तरी हवा हळूहळू आत जाते. पिशवीही साधी पॉलिथिनची नसावी. तिच्यातून प्राणवायू झिरपतो आणि पंपाचे सारे श्रम काही आठवड्यांत व्यर्थ ठरतात. चूर्णाला अॅल्युमिनियम-थर असलेली पिशवी उत्तम.

एक चाचणी मात्र प्रत्येकाने करावी. आठवड्यातून एकदा, पंप गरम असताना, रिकामी पेटी ठरावीक आकड्यापर्यंत पोहोचण्यास किती सेकंद लागतात ते वहीत लिहावे. वेळ वाढू लागली की तेल, गाळणी किंवा रबर यांपैकी काहीतरी बिघडत आहे. तसेच प्रत्येक घाण्यातील दोन पिशव्या बाजूला ठेवून चोवीस तासांनी पाहाव्यात. सैल झालेली पिशवी सीलचा दोष सांगते.

वैद्याची जबाबदारी

परवानाधारक औषधनिर्मात्याला शेड्यूल टी मधील उत्तम निर्मितीचे नियम पाळावे लागतात. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनवणाऱ्या वैद्याला कायद्याने परवान्यातून सूट दिली आहे. ही सूट आपल्या व्यवसायावर दाखवलेला विश्वास आहे. तपासनीस आपल्याकडे येणार नाही, म्हणून वही आपणच ठेवली पाहिजे. रुग्णाला गुण आला नाही तर तो निदानाला किंवा शास्त्राला दोष देतो. पिशवीत हवा शिरली होती, हे त्याला कधीच कळत नाही. वैद्याला तरी ते कळले पाहिजे.

एका वैद्याला असे यंत्र परवडत नसेल तर तालुक्यातील चार-पाच वैद्यांनी मिळून घ्यावे, मात्र त्याची निगा एकाच व्यक्तीकडे सोपवावी. सर्वांचे यंत्र म्हणजे कोणाचेच नाही, ही गत होऊ देऊ नये. ज्यांच्याकडे आज यंत्र आहे, त्यांनी हा अंक मिटण्यापूर्वी पंपाच्या खिडकीत एकदा पाहावे आणि तेल दुधाळ दिसले, तर उद्याची भरणी थांबवून आधी ते बदलावे.