चित्रपुस्तककाराचे श्रम

गेल्या वर्षी पारितोषिक-समारंभासाठी पुस्तके निवडावयास आम्ही तीन-चार शिक्षक ग्रंथालयाच्या खोलीत बसलो होतो. पुस्तकविक्रेत्याकडून आलेल्या गठ्ठ्यात लहान मुलांचे एक चित्रपुस्तक होते. आमच्यातील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी ते हाती घेतले, दोन मिनिटांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळले, मलपृष्ठावरील किंमत पाहिली, आणि "पाने चोवीस, पानावर ओळी दोन, आणि किंमत ही! एवढ्या पैशांत दोनशे पानांच्या बोधकथा येतात," असे म्हणून ते बाजूस ठेविले. त्यांचा हिशेब कोणी खोडला नाही. मीही खोडला नाही. त्या मौनाची जी टोचणी मला मागाहून लागली, तिच्यापोटी हा लेख लिहीत आहे.

वास्तविक तो हिशेब खोडण्यास सबळ पुरावा माझ्यापाशी होता. काही वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात धडगावकडील एक मुलगा आला. तो वसतिगृहात राही. घरची बोली पावरी. आमची शाळेची मराठी त्यास परभाषाच. जूनपासून दिवाळीपर्यंत त्याच्या तोंडून एक पुरते वाक्य मी ऐकिले नाही, आणि त्याच्या नावापुढे 'आकलन कमी' असा शेरा लिहून मी मोकळा झालो. पुढे सहामाही परीक्षा आटोपल्यावर एका मोकळ्या तासाला मी मुलांपुढे काही चित्रपुस्तके टाकिली. त्यांपैकी एकात शहरातील एक आई स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटीत आहे, असे चित्र होते. हा मुलगा त्या चित्रावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसला, आणि मग मोडक्यातोडक्या मराठीत त्याने मला विचारिले, "सर, ही बाई उभी का? हिचे गुडघे दुखतात?"

त्याच्या घरी चूल जमिनीवर. आई चुलीपुढे बसून भाकरी थापते. ज्या बाईस बसता येत नाही ती आजारी असली पाहिजे, हे त्याने ताडिले. आणि नुसते ताडिले नाही, तर त्या कागदावरील बाईची त्यास कीव आली. पाहणे, ताडून पाहणे, अनुमान बांधणे आणि परदुःखाने कळवळणे, ह्या चारही गोष्टी त्या एका प्रश्नात होत्या. माझ्या शेऱ्याच्या वहीत मात्र 'आकलन कमी' हेच शब्द होते. ते मी त्याच दिवशी खोडिले, पण पाच महिने ते तेथे होते, हे काही खोडिता येत नाही.

पाच महिन्यांत माझ्या व्याख्यानांनी जे केले नाही ते एका चित्राने केले. असे असूनही ते चित्र काढणाऱ्याचा व्यवसाय आपण पोरखेळ समजतो. ज्यास मोठ्यांसाठी कादंबरी लिहिता आली नाही तो मुलांसाठी लिहितो, आणि ज्यास पुष्कळ लिहिता आले नाही तो पानावर दोन ओळी लिहितो, अशी एक समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे. ती किती खोटी आहे हे इतिहासही सांगतो.

मुलांना शिकविण्यासाठी चित्रांचे पुस्तक रचणारे पहिले मोठे नाव जे घेतले जाते ते कोमेनियस यांचे. हे मोरावियन बंधुमंडळीचे बिशप. धर्मयुद्धांच्या वावटळीत त्यांस देशोधडीला लागावे लागले. तरुणपणीच पत्नी व मुले रोगराईत गेली. १६५६ साली पोलंडमधील लेश्नो नगर जळाले तेव्हा वर्षानुवर्षांच्या लिखाणाची बाडे भस्म झाली. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १६५८ साली, ह्या वृद्ध निर्वासिताने न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी सुमारे दीडशे चित्रांचे पुस्तक छापविले. चित्रातील प्रत्येक वस्तूस आकडा, आणि त्याच आकड्याखाली लॅटिन व जर्मन शब्द. मूल आधी वस्तू ओळखते आणि मग तिचे नाव शिकते, हे त्यांचे सूत्र. बिशपाच्या पदवीस हे काम हलके वाटले नाही. आपल्या प्रभूनेही स्वर्गाचे राज्य सांगताना घर झाडून नाणे शोधणारी बाई आणि बी पेरणारा शेतकरीच पुढे केला ना? श्रोत्यांनी रोज पाहिलेली चित्रेच ती.

मराठीत अमेरिकन मराठी मिशनने १८७३ साली मुंबईस 'बालबोधमेवा' हे मुलांचे मासिक काढिले. विनायक कोंडदेव ओक यांचा 'बालबोध' १८८१ मधला. मात्र लेखक आणि चित्रकार ह्या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीने घेऊन, शब्द व चित्र जोडीने वाढविलेली पुस्तके पाहावयाची तर आपल्या काळात श्रीमती माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांकडे वळावे लागते.

यांचा जन्म १९५२ चा. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत चित्रकलेचे शिक्षण. पुढे फ्रान्समध्ये अधिक अभ्यास. पुण्यास अनेक वर्षे फ्रेंच भाषा शिकविली. रंगभूमीवर गायिल्या व अभिनय केला. पिकासोचे चरित्र मराठीत लिहिले, बेकेटचे नाटक मराठीत आणिले. मातोश्री निर्मलाताई यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांस बालवाडी चालविण्याचे शिक्षण देणारी 'वनस्थळी' ही संस्था उभारिली; तिच्या 'निर्मळ रानवारा' ह्या मुलांच्या मासिकाचे काम ह्यांनी पाहिले. मराठी साहित्यातील वेचे आणि भारतीय चित्रकारांची चित्रे शेजारी शेजारी ठेवून 'वाचू आनंदे'चे चार भाग सिद्ध केले. इतकी शिदोरी जवळ असलेली ही बाई 'राधाचं घर' लिहिते तेव्हा त्यात राजा नसतो, परी नसते, राक्षस नसतो. एका लहान मुलीच्या घरची माणसे असतात. 'चित्रवाचन' नावाचे त्यांचे पुस्तक तर वाचावयाचे चित्रांतूनच. साहित्य अकादमीने २०१४ साली त्यांस बालसाहित्य पुरस्कार दिला आणि २०१६ साली टाटा ट्रस्टचा 'बिग लिटल बुक' पुरस्कार मिळाला, तो त्याच वर्षी सुरू झाला होता. आमच्या सहकाऱ्यांच्या हिशेबात पानावरील दोन ओळींची किंमत धरिली गेली. त्या दोन ओळींमागे असलेली चित्रकला, भाषा आणि बालवाडीच्या जमिनीवर बसून काढिलेले दिवस धरिले गेले नाहीत.

हे सर्व मी वाचून सांगितले असते तर त्यात जोर नसता. पण एका मे महिन्याच्या सुट्टीत मी स्वतः हा उद्योग करून पाहिला. त्या मुलाच्या प्रश्नाने मनात एक खूळ भरविले होते: उभ्या आईचे पुस्तक आहे, मग बसलेल्या आईचे का नसावे? आमच्या नंदुरबारास मिरचीचा मोठा बाजार. हंगामात गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, बायका रांगेने बसून देठ खुडतात, आणि वाऱ्याबरोबर अर्ध्या गावास ठसका लागतो. म्हटले, आई पथारीवर कामास जाते, मुलगी बरोबर, आणि त्यांची शेळी दावे तोडून लाल ढिगाकडे निघते, एवढी गोष्ट. चित्रे आमच्या चित्रकला-शिक्षकांनी काढावयाची. एका आठवड्यात पुस्तक पुरे, असा माझा अंदाज होता.

पहिला मसुदा नऊशे शब्दांचा झाला. तो मी वसतिगृहातील सुट्टीतही राहिलेल्या मुलांस वाचून दाखविला. तिसऱ्या पानास एक जांभई, पाचव्यास तीन. मग चित्रकला-शिक्षकांनी मला एक गोष्ट दाखविली. मी लिहिले होते, 'शेळी हळूच भिंतीवर चढली.' त्यांनी चित्रात शेळी भिंतीवर चढविलीच होती. मग माझे वाक्य काय करीत होते? चित्राने सांगितलेले शब्दाने पुन्हा सांगू नये, आणि चित्राला दाखविता येत नाही तेवढेच शब्दाने बोलावे, हा नियम मला त्या दिवशी कळला. नऊशेचे तीनशे झाले, तीनशेचे एकशे चाळीस. एकेक शब्द काढिताना दात काढावा तसे वाटे. पदवीधरास आपले शब्द फार प्रिय असतात.

पुढे पानांचा प्रश्न आला. मोठा कागद छापून दुमडतात व कापतात, म्हणून अशा पुस्तकाची पाने बहुधा आठाच्या पटीत येतात: सोळा, चोवीस, बत्तीस. गोष्ट सतरा पानांची झाली तर एक पान मारावे लागते. त्यातही उत्सुकता उजव्या पानावर निर्माण व्हावी आणि तिचे समाधान पान उलटल्यावर व्हावे. आमची शेळी दोन वेळा समोरासमोरच्या पानांवरच पकडली गेली, आणि मुलांस पान उलटण्याचे कारणच उरले नाही. मुलीचा परकर पहिल्या पानावर हिरवा तर अकराव्यावर निळा झाला. मोठ्यांच्या ते ध्यानातही आले नाही, पण मुलांनी लगेच विचारिले की, हिने परकर केव्हा बदलला? शेळीच्या गळ्यातील दावे आम्ही ज्या तऱ्हेने बांधिले होते, तशाने शेळीस फास बसतो, असे एका सात वर्षांच्या परीक्षकाने सांगितले व स्वतः गाठ मारून दाखविली. सर्व चित्रे पुन्हा काढावी लागली. एका आठवड्याचे काम दिवाळीपर्यंत चालले आणि तरी अपुरे राहिले.

मग छापण्याचा विचार केला. रंगीत चित्रे छापावयाची म्हणजे निळा, किरमिजी, पिवळा व काळा ह्या चार शाया, आणि कागदही जाड, पलीकडचे चित्र अलीकडे न दिसणारा. मुद्रकाने सांगितले की, दोनतीनशे प्रती काढिल्या तर एकेक प्रत फार महाग पडेल. हजारांनी काढिल्या तर स्वस्त, पण हजार घेणार कोण? येथे लेखकाच्या पोटाचा प्रश्न येतो. समजा, पुस्तकाची किंमत शंभर रुपये, आणि लेखकाचा वाटा शेकडा दहा. दोन हजार प्रती खपल्या तर वीस हजार रुपये. चित्रकार वेगळा असेल तर ते दोघांत वाटावयाचे. दोन हजार खपावयास वर्षे लागली तर वर्षाकाठी काय हाती येते, हे पाचवीतील मुलगाही काढील. अशा प्राप्तीवर कोणी घर चालवू शकत नाही. म्हणून तो दिवसा दुसरे काम करितो आणि रात्री शेळी काढितो.

इंग्लंडातील बिएट्रिक्स पॉटर बाईंनी १८९३ साली एका आजारी मुलास पत्रातून सशाची गोष्ट चित्रांसह लिहून धाडिली. पुढे तिचे पुस्तक करावयाचे ठरविले तेव्हा प्रकाशकांनी नाकारिले, आणि १९०१ साली त्यांनी पदरमोड करून अडीचशे प्रती छापविल्या. नंतर १९०२ साली एका प्रकाशकाने ते घेतले व जगभर पसरले. पण ही कथा सांगून नव्या लेखकास धीर देण्याची जी चाल आहे ती मला पसंत नाही. पदरमोड करण्यास आधी पदरात काही असावे लागते. आमच्या सातपुड्यातील ज्या मुलामुलींनी ही पुस्तके लिहावयास हवीत, त्यांच्या पदरात काय आहे?

माझे मत असे की, हा प्रश्न लेखकाच्या त्यागाने सुटावयाचा नसून गिऱ्हाइकाच्या शहाणपणाने सुटावयाचा आहे, आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक आपण शाळाच आहो. पारितोषिकाच्या रकमेपैकी निदान निम्मी लहान वर्गांपुरती चित्रपुस्तकांवर खर्च करावी. पाने मोजून पुस्तक घेण्याची पद्धत सोडावी. आपण औषध बाटलीच्या उंचीवरून घेत नाही. बोधकथांविषयी माझी तक्रार नाही, मीही त्यांवरच वाढलो. पण ज्यास अद्याप शाळेची भाषाच अवगत नाही त्यास दोनशे पानांचा बोध म्हणजे दोनशे पानांचे कुलूप. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर फुकट चित्रे मिळतात, असेही कोणी म्हणेल. मिळतात, परंतु ती मुलाने प्रश्न विचारीपर्यंत थांबत नाहीत. त्या मुलाने उभ्या बाईवर बोट ठेविले तेव्हा ती बाई तशीच थांबली होती.

आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस एक विनंती. तुमच्यापैकी कोणाच्या घरी पावरी बोलतात, कोणाच्या मावची, कोणाच्या भिलोरी वा अहिराणी. चुलीपुढे कोण कोठे बसते, होळीस डोंगर उतरून येणारे लोक काय नेसतात, दाव्याची गाठ कशी असते, हे तुम्हांस ठाऊक आहे. पुण्या-मुंबईच्या लेखकास ठाऊक नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. तो आपल्या घरची आई काढितो. तुम्ही तुमची काढा. पण सुट्टीतला आठवडा हाताशी धरून बसू नका. माझा अनुभव वर दिलाच आहे.

आमचे हस्तलिखित ग्रंथालयाच्या खालच्या कप्प्यात ठेविले आहे. शिवण सैल झाली आहे आणि कोपरे मळले आहेत. शेवटचे पान अजून कोरे आहे, कारण शेळी रात्री घरात बांधावी की बाहेर, ह्यावर मुलांत दोन पक्ष पडले आहेत. धडगावकडील पक्ष म्हणतो, घरात. रानात बिबट्या असतो. तापीकाठचा पक्ष म्हणतो, बाहेर, गोठ्यात. चित्रकला-शिक्षक पेन्सिल घेऊन थांबले आहेत.