वर्णन म्हणजे कारकुनी नव्हे

"हे तर नुसतं वर्णन झालं. यात संशोधन कुठाय?" एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी माझ्या विद्यार्थिनीला विचारलं. मुलगी आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली. घरी तेलुगू, कॉलेजात मराठी आणि प्रबंधात इंग्रजी. तामिळनाडूतल्या डालमियापुरमच्या राखाडी शेलमधले डायनोफ्लॅजेलेट सिस्ट तिनं महिनोन्‌महिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, कागदावर काढले, मोजले आणि एकेकाचं वर्णन लिहिलं. तिचे गुण कापले गेले. कुणीतरी आधीच गोळा केलेले आकडे सॉफ्टवेअरमध्ये घालून रंगीत आलेख काढणाऱ्या मुलाला मात्र शाबासकी मिळाली. आलेखांवर माझा राग नाही. ते आकडे ज्या वस्तूंचे आहेत त्या वस्तू कुणी ओळखल्या आणि कशावरून, हे त्या मुलाला कुणी विचारलं नाही, राग त्याचा आहे.

मी सोलापुरात भूशास्त्र शिकवण्यात हयात घालवली. आमच्या पायाखाली समुद्राचा मागमूस नाही. विहीर खणा, काळी माती, मुरूम, मांजऱ्या आणि मग फोडता फुटत नाही असा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा तो. समुद्री जीवाश्म पाहायचे तर पोरांना चेन्नईच्या गाडीत बसवून पुढे अरियलूर-तिरुचिरापल्लीच्या पट्ट्यात न्यावं लागतं. तिथं क्रिटेशियस काळातल्या समुद्राचा चिखल उन्हात उघडा पडलाय. शिंपले हातानं वेचता येतात. त्याच चिखलातले सिस्ट डोळ्यांना दिसत नाहीत, कारण त्यांचा आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचा. वीस ते दीडशे.

डायनोफ्लॅजेलेट म्हणजे पाण्यात तरंगणारे एकपेशीय जीव. त्यांना दोन कशाभिका असतात, एक कमरेभोवतीच्या खाचेत गुंडाळलेली आणि दुसरी मागं लोंबणारी. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकल्या की लोक मोबाइल घेऊन धावतात. तो चमकणारा नॉक्टिल्युका याच कुळातला, पण तो मागं जीवाश्म ठेवत नाही. आज जिवंत असलेल्या जातींपैकी फार तर दहा-वीस टक्के जातीच टिकाऊ कवचाचा सिस्ट बनवतात. हा सिस्ट म्हणजे त्यांची विश्रांतीची अवस्था. तो तळाच्या गाळात जाऊन पडतो, दिवस बरे आले की कवचाचा ठरावीक तुकडा उघडतो आणि आतला जीव पोहत निघून जातो. रिकामं कवच गाळात राहतं. ते सेंद्रिय पदार्थाचं, पण इतकं चिवट की दगड विरघळवणाऱ्या आम्लातही तगतं. म्हणूनच आधी हायड्रोक्लोरिक आणि मग हायड्रोफ्लोरिक आम्लानं खडक खाऊन टाकला की तळाशी ते उरतं. (दुसरं आम्ल कातडीतून आत उतरून हाडापर्यंत पोचतं. योग्य धूरपेटी नसलेल्या प्रयोगशाळेत त्याची बाटली उघडू नये. आम्ही स्लाइड बाहेरून तयार करून आणल्या त्या याचसाठी.)

आता 'नुसतं वर्णन' म्हणजे काय ते पाहू. त्या मुलीच्या एका स्लाइडवर स्पिनिफेरायटिस रॅमोसस या जातीचा सिस्ट होता. पहिल्या दिवशी तिनं वहीत लिहिलं, 'गोल, काटेरी.' मी वही परत केली. "अगं, गोखरूही गोल आणि काटेरीच असतो. काटे कुठून निघालेत ते बघ." तिनं फोकस वरखाली करत वरचा पृष्ठभाग, मधला छेद आणि खालचा पृष्ठभाग अशी चित्रं तीन वेगळ्या कागदांवर काढली. मग दिसायला लागलं की काटे वाटेल तिथं उगवलेले नाहीत. कवचावर बारीक उंचवट्यांच्या रेषा आहेत आणि त्या जिथं एकमेकींना मिळतात तिथंच काटा उभा आहे. काट्याच्या टोकाला तीन फाटे, त्या प्रत्येक फाट्याला पुन्हा दोन छोटी टोकं. रेषांनी आखलेल्या त्या जागा म्हणजे जिवंतपणी अंगावर असलेल्या पट्ट्यांचा (प्लेट्सचा) ठसा.

दोन दिवसांनी तिनं विचारलं, "सर, एका बाजूला भोक आहे. फुटलंय वाटतं?" फुटलेलं नव्हतं. कडा सरळ होत्या, कोपरे नेटके होते. आतला जीव ज्या दारानं बाहेर गेला ते हे दार. त्याची जागा कमरेच्या खाचेच्या लगेच वर, पाठीच्या बाजूला. वरच्या सहा पट्ट्यांपैकी नेमकी तिसरी पट्टी गळालेली. कोफॉइड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्ट्या मोजण्याची जी पद्धत घालून दिली, तिच्यानुसार हे मोजायचं. ही एक पट्टी गेली की सिस्ट गोनिअलॅक्सच्या घराण्याकडे झुकतो. त्याऐवजी शेंड्याजवळच्या पाठीवरल्या मधल्या पट्ट्यांपैकी एखादी गेली तर पेरिडिनियमच्या बाजूचा विचार करावा लागतो. दार कुठं आहे हे चुकलं की घराणंच चुकतं. हे ठरवायला तिला आठवडा लागला. परीक्षकांनी ते पान अर्ध्या मिनिटात उलटलं.

या जीवाच्या नावाचा प्रवास आमच्या पोरांना मुद्दाम सांगतो. बर्लिनचे एरेनबर्ग यांनी १८३०च्या दशकात गारगोटीच्या पातळ चकत्यांमध्ये तो पाहिला आणि झँथिडियम रॅमोसम म्हटलं. झँथिडियम हे गोड्या पाण्यातल्या हिरव्या शैवालाचं नाव, तेव्हा ओळख साफ चुकली होती. इग्वानोडॉन या डायनोसॉरमुळे ठाऊक असलेले इंग्लंडचे डॉक्टर गिडिअन मँटेल यांनी १८५० मध्ये स्पिनिफेरायटिस हे नाव काढलं. १९३३ मध्ये ओटो वेट्झेल यांनी हिस्ट्रिकोस्फिअर हा नवा गट उभा केला आणि असल्या काटेरी गोळ्यांना त्यात बसवलं. हे गोळे नेमके कोणत्या जीवाचे, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. अखेर १९६१ मध्ये विल्यम एव्हिट यांनी दाखवलं की काट्यांची मांडणी आणि त्या भोकाची जागा डायनोफ्लॅजेलेटच्या पट्ट्यांशी तंतोतंत जुळते. यातले बरेच काटेरी गोळे म्हणजे त्यांचे सिस्टच. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांच्यासाठी त्यांनी १९६३ मध्ये अॅक्रिटार्क नावाची वेगळी पेटी केली. पृष्ठभागाचे बारकावे टिपणारे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तेव्हा बाजारात यायचे होते. एव्हिट यांनी त्याच वस्तू नीट पाहिल्या, एवढंच. पुढे डेव्हिड वॉल आणि बॅरी डेल यांनी अमेरिकेत वुड्स होलजवळच्या समुद्राच्या गाळातले जिवंत सिस्ट उबवले आणि त्यांतून पोहणारे गोनिअलॅक्स बाहेर पडलेले दाखवले.

एरेनबर्ग यांचा अर्थ चुकला, पण त्यांनी काढलेलं चित्र आणि केलेलं वर्णन खरं होतं. सव्वाशे वर्षांनी दुसऱ्याला त्यावर काम करता आलं ते त्यामुळेच. वर्णन चुकलेलं असतं, किंवा 'गोल, काटेरी' एवढंच असतं, तर एव्हिट यांना धरायला काहीच नव्हतं.

म्हणून प्रत्येक जातीखाली जुन्या नावांची यादी लिहावी लागते. विद्यार्थ्यांना ती जाच वाटते. मी त्यांना घरचा सातबारा काढायला सांगतो. जमीन तीच, पण कधी आजोबांचं नाव, कधी वाटणी, कधी बोजा. प्रत्येक फेरफाराला नंबर आणि तारीख, आणि जुनी नोंद खोडून टाकायची मुभा तलाठ्याला नाही. स्पिनिफेरायटिस रॅमोससच्या नावापुढं कंसात एरेनबर्ग आजही आहेत, ते याच रीतीनं.

इथं अजून एक गाठ आहे. उबवून पाहिल्यावर दिसलं की वेगवेगळ्या आकारांच्या सिस्टमधून एकाच गोनिअलॅक्स स्पिनिफेरासारखे दिसणारे पोहणारे जीव निघतात. तेव्हा पोहणाऱ्याचं नाव एक आणि सिस्टचं दुसरं, ही दुहेरी व्यवस्था वनस्पतिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनं चालू ठेवली. नवख्याला हा गोंधळ वाटतो. मला ती सचोटी वाटते. दोन गोष्टी एकच आहेत असं सिद्ध होईपर्यंत त्यांना एक म्हणायचं नाही.

या सगळ्याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांसाठी तेलाचं उदाहरण पुरे. १९७४ मध्ये 'सागर सम्राट'नं मुंबईजवळच्या समुद्रात बॉम्बे हाय गाठलं, तेव्हापासून तेल हा आपल्या राज्याच्याही अर्थकारणाचा विषय झाला. समुद्रात विहीर खोदताना वर येतो तो खडकाचा भुगा. त्याचं वय ठरवायला सूक्ष्म जीवाश्म लागतात. पण वरच्या थराचा चुरा ओघळून खालच्या भुग्यात मिसळतो, त्यामुळे एखादी जात खाली कुठवर दिसते यावर भरवसा ठेवता येत नाही. वरून खाली जाताना ती पहिल्यांदा कुठं भेटली, ते महत्त्वाचं. आणि तिथं भेटलेला जीव तोच की त्याच्यासारखा दिसणारा दुसरा, हे ठरतं ते काट्याच्या टोकावर आणि दाराच्या कडेवर. खोदाईचा खर्च पाहिला तर ही कारकुनी बरीच मोलाची ठरते.

आता फोटो टाका, नाव मिळवा अशी अॅप आली आहेत. येऊ देत. पण यंत्राला शिकवायला जे फोटो दिले त्यांवर नाव कुणीतरी माणसानंच लिहिलेलं असतं, आणि ते नाव कशावरून लिहिलं हे सोबत नसेल तर एकाची चूक यंत्र हजार वेळा छापणार.

आमच्या जातभाईंनाही दोन शब्द ऐकवायला हवेत. काटा जरा लांब दिसला की नवी जात, एकच मोडका नमुना आणि धूसर फोटो यांवर नवा वंश, हे उद्योग भरपूर झाले. जीवाश्म डायनोफ्लॅजेलेटांच्या हजारो नावांच्या सूचीत पुढे निकालात निघालेली नावं काही थोडी नाहीत. वर्णनाला कमी लेखलं जातं त्यात आळशी वर्णनांचाही वाटा आहे. म्हणून तर ते शिकवायला हवं.

आणि ही परंपरा आपल्याला परकी नाही. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात चिमुकले बेडूक सापडले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांना राना पुसिला म्हटलं, १९३० मध्ये नोबल यांनी इंडोबॅट्राकस हा नवा वंश केला आणि १९४० मध्ये गो. वा. चिपळूणकर यांनी त्यात आणखी एक जात सांगितली. याच चिपळूणकरांनी पुढं पुण्यात, महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत बसून, सहकाऱ्यांबरोबर नर्मदेकाठच्या बाघ थरांतल्या आणि तिरुचिरापल्लीकडच्या शिंपल्यांची वर्णनं केली. आमची पोरं गाडीत बसून जातात तो हाच पट्टा. त्या काळी कुणी त्यांना 'नुसतं वर्णन' म्हटलं असेलही. पण आज त्या थरांवर काम करणाऱ्याला ती पानं उघडल्याशिवाय पुढं सरकता येत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. विद्यापीठांनी भूशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.ला एका तरी नमुन्याचं संपूर्ण वर्णन सक्तीचं करावं. हातानं काढलेलं चित्र, मापं, जुन्या नावांची यादी आणि ती स्लाइड विभागाच्या कपाटात नंबरासह जमा. स्लाइडवर तो नमुना नेमका कुठं आहे त्याची नोंदही हवी. प्राध्यापकांच्या संशोधनगुणांत अशा कामाला जागा हवी. स्लाइड जपण्यासाठी लखनौची बिरबल साहनी संस्था आहे, पण प्रत्येक विभागाचं स्वतःचं एक कुलूपबंद कपाट असायलाच हवं. ग्लिसरीन जेलीतली स्लाइड दुर्लक्ष झालं की वाळते, आकसते, आणि जातीचा आधारभूत नमुनाच हातचा जातो. नमुना गेला की वर्णनाची शहानिशा करणार कशावरून?

समुद्र नाही म्हणून सोलापुरानं गप्प बसायचं कारण नाही. डायनोफ्लॅजेलेट गोड्या पाण्यातही असतात. सिरॅटियम आणि पेरिडिनियम ही तळ्याधरणांतली नेहमीची मंडळी, आणि त्यांच्यातले काही सिस्ट बनवतात. १९८० पासून उजनीत पुण्याकडचं सगळं येऊन साचतंय. एकशे सतरा टीएमसीच्या धरणातलं निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडतं, आणि त्या पाण्याखाली चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा गाळ थरावर थर बसलेला आहे. धरण मायनसमध्ये गेलं, पळसदेवचं देऊळ उघडं पडलं की आपण बातम्या छापतो, पाण्यावरून भांडतो. त्याच दिवसांत दोन विद्यार्थ्यांनी गाळात नळी ठोकून नमुना काढावा. वरच्या ताज्या गाळाला हायड्रोफ्लोरिकही लागत नाही. वीस मायक्रॉनची चाळणी, ध्वनिलहरींचं छोटं यंत्र आणि काचेची वाटी एवढ्यावर सुरुवात होते. सूक्ष्मदर्शक कॉलेजांत आहेतच, बरेचसे झाकणाखाली. सिस्ट मिळाला की काही बशीत उबवायचे आणि आतून कोण बाहेर येतं ते पाहायचं. पेरिडिनियम असेल तर कुठली पट्टी गळाली, हे वहीत लिहायचं. ज्या थरांत सिस्ट कमी होत गेले आणि ज्या थरांत वाढत गेले, तेव्हा पाण्याचं काय झालं होतं, हे आकडे त्यानंतर. तेव्हा ती आलेखवाली पोरंही लागतीलच, फक्त त्यांनी आधी महिनाभर त्या मुलीच्या शेजारी स्टुलावर बसावं.